उत्तरेची बाजू

"रांजणी टेसन काय म्हणून राह्यलं, बाबू?"

जालन्याच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, हमालांचा मुकादम रामकिसन स्टेशनातल्या तारघराच्या खिडकीत कोपरं टेकून उभा होता. तारबाबू भुजंगरावांनी एक बोट वर करून त्याला गप्प केलं. तारयंत्राची टकटक थांबली, तसा त्यांनी समोरच्या कागदावर आकडा मांडला.

"परतूरला दोन वाजून दहा मिन्टांनी वारं सुटलं. रांजणीला दोन चाळीसला. तेरा मैल अर्ध्या तासात. तिथून इथं पंधरा मैल. म्हंजे इथं सव्वातीनला."

"बराबर सव्वातीन?"

"पाच मिन्टं इकडं तिकडं. जल्दी कर, लाल चढव."

रामकिसन धावत गेला. थोड्याच वेळात मोंढ्याच्या मधल्या खांबावर लाल झेंडा चढला. हमालांनी धान्याच्या ढिगांवर ताडपत्र्या ओढल्या. उघड्यावर आणि पत्र्यांखाली बसलेले बाजारकरी आपापल्या टोपल्या घेऊन दगडी धर्मशाळेत गेले. वादळ तीन वाजून अठरा मिनिटांनी आलं. चार पत्रे उडाले, माणसाला खरचटलंसुद्धा नाही. ही पंचावन्न सालची, झेंड्याच्या पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भुजंगराव चितगावला रडारवर होते. शत्रूची विमानं शोधण्यासाठीच्या त्या यंत्रावर पावसाचे ढगही दिसत. जालन्यात रडार नव्हतं. पण पूर्वेला परभणीपर्यंत आणि पश्चिमेला औरंगाबादपर्यंत प्रत्येक स्टेशनात तार होती आणि तारेपाशी माणूस होता. गाड्यांचं काम नसे तेव्हा भुजंगराव एकेकाला आभाळ विचारत. स्वच्छ असलं तर शून्य, ढग असले तर एक, वारा सुटला तर दोन, गारा पडल्या तर तीन. आकडा आणि वेळ. बाकी त्रैराशिक.

"मंग खरं रेडार काय येगळं करतं?" रामकिसननं एकदा विचारलं होतं.

"ते लहर सोडतं. लहर ढगातल्या पाण्यावर आपटून माघारी येते. किती वेळानं आली त्यावरनं अंतर कळतं. कलकत्त्याला विमानतळावर बसवलंय म्हणे."

"कलकत्त्याला लहर, जालन्याला भुजंगराव!" रामकिसन म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर बराच वेळ हसला.

तीन उन्हाळ्यांत झेंडा अकरा वेळा चढला. नऊदा वादळ आलं. दोनदा बाजूनं निघून गेलं, त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. हळूहळू लोकांनी आभाळाकडे पाहणं सोडलं. ढग दाटले तरी माणसं आधी खांबाकडे मान वळवत, आणि खांब रिकामा दिसला की पुन्हा तागडी उचलत. भुजंगरावांना यात समाधान वाटे. ते कोणाला बोलून दाखवत नसत.

अठ्ठावन्नच्या वैशाखातल्या एका बाजारच्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमाराला, केदारखेड्याची सगुणाबाई खिडकीशी आली. पूर्णा नदीच्या वाळूत पिकवलेली खरबुजं ती दर आठवड्याला बैलगाडीनं जालन्याला आणी. येताना एक फळ तारघरात ठेवून जाई.

"हे घ्या, बाबू. तुमचं ते यंत्र दिसभर दात वाजवून राह्यतं, त्याला बी एक फोड द्या."

"त्याला पचत न्हाई, सगुणाबाई."

"मंग त्याला इचारा, आज बसू का जाऊ? पाह्यटं निघालो तवा भोकरदनच्या अंगाला लई गडगडत व्हतं. आमचे मालक म्हणून राह्यले, माल इकायचा आन् दोनाच्या आत गाडी जुंपायची."

भुजंगरावांनी दोन्ही बाजूंना विचारलं. बदनापूर शून्य, करमाड शून्य, औरंगाबाद शून्य. रांजणी, परतूर, सेलू, सगळीकडे शून्य. त्यांनी कागद तिच्यासमोर धरला. तिला वाचता येत नव्हतं, पण ओळीनं मांडलेली शून्यं तिनं कौतुकानं पाहिली.

"बिलकुल साफ हाय. बिनघोर बसा."

"बसते मंग. संध्याकाळच्याला भाव बी बरा मिळतो."

वादळ चारच्या आधी आलं, ते उत्तरेकडून. रामकिसननं नंतर सांगितलं की भोकरदनकडचं आभाळ अर्धा तास आधीच शाईसारखं झालं होतं आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं. पाहून सगळ्यांनी खांबाकडे पाहिलं होतं. कोणी उठलं नाही. पहिल्याच झोतात फळबाजाराचं छप्पर वाशांसकट निघालं. सात जण जखमी झाले. सगुणाबाईच्या मानेवर पत्रा आला. ती जागच्या जागी गेली.

भुजंगराव त्या संध्याकाळी ड्यूटी संपल्यावरही तारघरातच बसून राहिले. कागदावर पूर्वेचे आकडे होते, पश्चिमेचे होते. रूळ पूर्व-पश्चिम जात होते, म्हणून तारही तशीच जात होती. वर उत्तरेला कागद कोरा होता. तिथं एकही शून्य नव्हतं. तीन वर्षं त्यांनी त्या कोऱ्या जागेला शून्य म्हणून वाचलं होतं. चितगावला डोंगरापलीकडचं यंत्राला दिसत नसे. नकाशावरचा तेवढा भाग पेन्सिलीनं रेघा मारून काळा करायचा, हे पहिल्याच दिवशी शिकवलेलं होतं. दिसत नाही आणि काही नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं तिथला साहेब रोज बजावत असे.

त्यांनी पेन्सिल घेतली आणि उत्तरेची बाजू रेघांनी भरून टाकली.

तेराव्यानंतर ते उत्तरेला, केदारखेड्याला गेले. सगुणाबाईचा नवरा रखमाजी गोठ्यात बैलांना वैरण टाकत होता. त्यानं घोंगडं अंथरलं, पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"मी तिला म्हणलं व्हतं," तो स्वतःहूनच बोलला. "म्हणलं, ऊठ, आभाळ फाटून राह्यलं. तर म्हणली, बाबूनं सोता कागद दाखवलाय. तुमच्याहून बाबूला जास्ती कळतं."

भुजंगराव पाण्याला शिवले नाहीत. "इकडं आपली तार न्हाई, रखमाजी. इकडचं मला दिसतच न्हाई. हे मी तिला सांगायला पाह्यजे होतं."

रखमाजीनं हातातली पेंढी सोडून बैलापुढे पसरली.

"मला सांगून काय फायदा आता? मला ठावं झालं. बाजारात सांगा."

बाजारात सांगायचं रामकिसनला पटलं नाही. "बाबू, जाऊ द्या. तुमाला कोणी दोष दिला का? दैवाचं म्हणून राह्यलेत लोक. आन् एकडाव म्हणलं की मला दिसत न्हाई, मंग झेंड्याला कोण इचारतं?"

"कमी इचारतील."

"तीन सालाची इज्जत हाय तुमची."

"हाय ना. म्हणूनच बसली ती."

पुढच्या बाजारी भुजंगराव अडत्याच्या ओट्यावर चढले. त्यांना भाषणाची सवय नव्हती, आवाज चार पावलांपलीकडे जात नव्हता. शेवटी ते एकेक वाक्य बोलले आणि रामकिसननं ते ओरडून सांगितलं. परभणीकडून आणि औरंगाबादकडून येणारं वादळ झेंडा सांगेल. उत्तरेला भोकरदनच्या अंगाचं आणि दक्षिणेला अंबडच्या अंगाचं झेंड्याला कळत नाही. तिकडं तुमचं तुम्ही पाहा. त्या दिवशी चूक माझी झाली.

शेवटचं वाक्य रामकिसननं ओरडायचं टाळलं. भुजंगरावांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानं तेही ओरडून सांगितलं.

"मंग अर्धाच झेंडा म्हणा की!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. काही जण हसले. एक म्हातारा, आपण आधीच ओळखलं होतं, असं शेजाऱ्याला सांगू लागला. लोक पांगले, तागड्या पुन्हा खालीवर होऊ लागल्या.

भुजंगराव ओट्यावरून उतरून फळबाजारातून निघाले. नवं छप्पर अजून घातलं नव्हतं. उघड्यावर रखमाजी खरबुजं मांडून बसला होता. बाकीचे सगळे विक्रेते रस्त्याकडे तोंड करून होते. तो रस्त्याकडे पाठ करून, भोकरदनकडे तोंड करून बसला होता. भाव विचारायचा तर गिऱ्हाइकाला वळसा घालून त्याच्यासमोर जावं लागत होतं.