हाडावरची लाख

कोरीनने हाड नखाने खरवडलं आणि निघालेला पिवळसर पापुद्रा आईसमोर धरला.

"आई, हे काय लावलंस?"

"लाखेचं रोगण. दुसरं काय?" आर्डिस चर्चच्या जेवणासाठी टेबलावर ॲपल-पाय आणि पंपकिन-पाय मांडत होती. "दर ईस्टरच्या आधी एक हात मारते. नाहीतर भुगा होईल त्याचा."

हाड डायनासोरच्या मांडीचं. आर्डिसच्या नवऱ्याला, वेंडेलला, आपल्याच कुरणात सापडलेलं. मोंटानातल्या त्या गावाने ते चर्चच्या तळघरात काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि खाली पाटी लावली होती, 'नोहाच्या जलप्रलयात बुडालेला प्राणी'. पास्टर रॉइसनी त्याचा तुकडा कार्बनवरून वय काढायला प्रयोगशाळेत पाठवला होता. उत्तर आलं, चार हजार वर्षं, म्हणजे अगदी बायबलातल्या प्रलयाच्या वेळचं. गाव नुसतं नाचायचं बाकी होतं.

आणि कोरीन गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. अशी हाडं कोट्यवधी वर्षांची असतात, असं तिने वर्गात सांगितलं होतं. शाळेच्या मंडळातले सगळे याच चर्चच्या बाकांवर बसणारे. आज जेवणाच्या वेळी तिने उभं राहून 'चुकले' म्हणायचं, नाहीतर सोमवारपासून घरी बसायचं.

"अगं, लाख म्हणजे किड्यांनी आत्ता आत्ता झाडावर केलेला चीक," कोरीन म्हणाली. "हाडात मोजण्यासारखा कार्बन राहिलेलाच नाही. यंत्राने मोजलं ते तुझं ताजं रोगण आणि हाडात मुरलेला मातीतला जुना कार्बन, म्हणून चार हजार आले! आई, बाकीचं राहू दे. रोगण तू लावतेस, एवढंच सांग सगळ्यांना."

देवाने सहा दिवसांत सृष्टी केली, यावर आर्डिसची लहानपणापासून श्रद्धा. पण रोगण कुणी लावलं, यात श्रद्धेचा काय संबंध? तिने एप्रनला हात पुसले.

जेवणं झाल्यावर ती उभी राहिली आणि जे होतं ते सांगून मोकळी झाली.

पास्टर रॉइस हसले. "आर्डिसबाई, पोरीसाठी आईचा जीव तुटणारच. पण तुम्ही फक्त काच पुसता. रोगण काही आम्ही पाहिलं नाही बुवा."

"पाहिलं नाही? वासाने डोकं उठलं म्हणून गेल्या वर्षी खिडक्या कुणी उघडल्या? लोएला, सांग की!"

पास्टरची बायको लोएला ॲपल-पाय कापत राहिली.

"वेंडेल, तुम्हीच सांगा," पास्टर म्हणाले.

रोगणाचा डबा दरवर्षी दुकानातून वेंडेलच आणायचा. गेल्या वर्षी झाकण गच्च बसलं होतं, तेही त्यानेच उघडून दिलं होतं. आर्डिसने निश्वास टाकला. चला, सुटलो एकदाचे.

वेंडेलने कॉफी ढवळली. बराच वेळ ढवळली.

"हल्ली ती जरा विसरते," तो म्हणाला.

आर्डिस त्याच्याकडे बघतच राहिली. इतकी वर्षं ज्याची भाकरी भाजली, त्याने चारचौघांत तिला वेडी ठरवलं होतं. तेवढ्यात कुणीतरी तिच्यापुढे मायेने पंपकिन-पायची बशी सरकवली.

कोरीन 'चुकले' म्हणाली नाही. त्याच आठवड्यात तिने सामान गाडीत घातलं आणि दूरच्या शहरात निघून गेली. निघताना आईला मिठी मारली. बापाने फाटकापर्यंत येऊन हात वर केला, तिकडे तिने पाहिलं नाही.

त्यानंतर गावातल्या बायका आर्डिसशी सावकाश, मोठ्याने बोलू लागल्या. लहान मुलाशी बोलावं तसं. वेंडेल विसरण्यावरच्या गोळ्या मोजून तिच्या हातावर ठेवायचा. ती मुकाट्याने गिळायची.

ईस्टर जवळ आला. एका सकाळी फोन वाजला. लोएला होती.

"आर्डिस, अगं, पेटीतल्या हाडाचे पापुद्रे निघायला लागलेत. परगावचे लोक बघायला यायचेत. तेवढा तुझा डबा आणि ब्रश घेऊन येतेस का? तुझ्यासारखा हात कुणाचा बसत नाही बाई."

समोर वेंडेल पेपर वाचत होता. फोनमधला आवाज त्यालाही ऐकू गेला असावा, कारण त्याचं पान उलटायचं थांबलं.

आर्डिस त्याच्याकडे बघत फोनमध्ये म्हणाली,

"कसला डबा गं?"