अख्खी नीला

वैदेहीच्या प्रबंधात एक झोकदार वाक्य होतं : गाण्याच्या व्हिडिओत अख्खा माणूस कधी दिसतच नाही, तिथं माणसाचे तुकडे नाचतात. महाडच्या कॉलेजातल्या या प्राध्यापकबाईंच्या वाक्याला पुण्याच्या चर्चासत्रात टाळ्या पडल्या होत्या. टाळ्या वाजवायला कुणाच्या बापाचं काय जातं?

आता तिच्यासमोर धोंडूबाई बसली होती, पोलादपूरच्या वरच्या धनगरवाडीची. तिची लेक नीला ज्या व्हिडिओत नाचली, त्यावर वैदेहीनं अख्खं प्रकरण लिहिलं होतं. तीच नीला दिवाळीनंतर शूटिंगवाल्यांबरोबर मुंबईला गेली ती परतलीच नाही. फोन बंद. चौकीत फोटो मागितला, तर घरात एकच, आधारकार्डावरचा, तोही ती फ्रॉकात होती तेव्हाचा.

“बाई, तुमच्या त्या गान्यात ती हाय ना? त्यातनं तिचं तोंड काडून द्या.”

वैदेहीनं लॅपटॉपवर गाणं लावलं नि थांबवत थांबवत पुढं सरकवलं. कंबर. बांगड्या. गॉगल. सावित्री नदीच्या पाण्यातली पाठ. ओठ, नुसतेच ओठ. चेहरा आता पुरता येतोय म्हणावं, की कट! ज्या कटांचं तिनं एवढं कौतुक लिहिलं होतं, त्यांच्यावर ती आता दातओठ खात होती.

शेवटी एक पुरा चेहरा सापडला. गोरापान, गुळगुळीत, टपोऱ्या डोळ्यांचा.

“ही कोन?”

“नीलाच. फिल्टर लावलाय, म्हणजे रंग उजळवलाय.”

“नाय. आमची काळी हाय. हनुवटीवर खोक हाय तिच्या. हिला दाखवून मी कुनाला इचारू?”

वैदेहीनं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. एकाएकी धोंडूबाईनं पडद्यावर बोट टेकलं. पैंजण घातलेला पाय होता, अंगठ्याचं नख दुभंगलेलं.

“म्हशीनं चेपलान होता,” म्हणता म्हणता तिला हुंदका फुटला. “हीच माजी पोर.”

त्या पायाचाच फोटो छापून दोघी चौकीत गेल्या. हवालदारानं तो बराच वेळ पाहिला. “मावशी, पायावरून कसं शोधायचं?” म्हणत त्यानं तो हळूच परत दिला.

बाहेर पोलादपूरच्या स्टँडवर मुंबईहून आलेली गाडी लागली होती. धोंडूबाई धावतच दाराशी गेली. तिला मागं ओढायचं वैदेहीला धाडस होईना. उतरणाऱ्या पहिल्याच तरण्या पोरीपुढं ती म्हातारी वाकली.

“बाय, जरा चप्पल काड गो.”