हमदमच्या गाडीतले घोडे

उझबेकिस्तानातल्या कोकंद शहरात, बाजारामागे हमदमचं केस कापायचं दुकान होतं. माणूस हाताचा हलका आणि मताचा त्याहून हलका. ज्याच्या गालावर वस्तरा, त्याचं म्हणणं त्याला पटायचं. बायको महलियो म्हणायची, "सूर्य आज उत्तरेला उगवला असं कुणी सांगितलं, तर तुम्ही अंथरूणसुद्धा तिकडे फिरवाल."

त्याच्याकडे एक जुनी पांढरी मॅटिझ होती. उन्हाळ्यात तो बायकोला आणि सासऱ्यांना, यूल्दोशबाबांना घेऊन भाचीच्या लग्नाला ताश्कंदला निघाला. कामचिकच्या घाटात एका चढावर गाडीने मान टाकली. इंजिन नुसतं ओरडत होतं, चाकं मात्र गोगलगायीसारखी. शेवटी यूल्दोशबाबा नव्या रेशमी झग्यासकट खाली उतरले आणि गाडीशेजारून चालू लागले. खरबुजांच्या ट्रकवाल्याने जाता जाता खिडकीतून आवाज दिला, "बाबा, गाडी खांद्यावर घ्या, लवकर पोचाल!"

बाबा हसले. हमदमचे कान लाल झाले ते लग्नात पुलाव वाढून होईपर्यंत तसेच.

परतल्यावर मेहुणा तोल्किन दुकानात आला. याचा जुन्या सुट्या भागांचा धंदा. म्हणाला, "दाजी, टर्बो बसवा. माझ्याकडे छोट्या जपानी गाडीचा पडलाय. धुराच्या जोरावर पंखा फिरतो, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. तुमच्या इंजिनाची ताकद एक्कावन्न घोडे आहे ना? शंभर करून देतो."

खुर्चीत सफरदादा बसले होते. बस डेपोतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, तोंडभर साबणाचा फेस. त्या फेसातूनच ते कडाडले, "शंभर? अरे, हवा दीडपट कोंबलीस म्हणून ताकद दीडपट होत नाही. कोंबलेली हवा तापते, तापली की विरळ होते. शिवाय त्या इंजिनाचे पिस्टन म्हणजे चहाच्या नाजूक पियाल्या. फार फार तर पासष्ट. वर एक घोडा निघाला, तर हमदम, ही मिशी उतरव."

"परदेशात लोकांनी दीडशे काढलेत, दादा. व्हिडिओ आहे."

"किती लांबीचा आहे व्हिडिओ?"

"असेल दोनेक मिनिटांचा."

"मग इंजिनही तेवढंच टिकलं असणार."

दुकान हसलं. हमदमही हसला, आणि मग तोल्किन रुसलेला दिसला म्हणून गप्प झाला. तोल्किनचं खरं वाटत होतं, कारण तो सुटे भाग हाताळायचा. सफरदादांचं खरं वाटत होतं, कारण ते रागावून बोलायचे. त्याने भीत भीत विचारलं, "पण दादा, एक घोडा म्हणजे नक्की किती हो?"

"पंचाहत्तर किलोचं वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलणं."

हमदम वस्तरा धरून तसाच उभा राहिला. पंचाहत्तर किलो म्हणजे बरोब्बर यूल्दोशबाबा. म्हणजे आपल्या गाडीत एक्कावन्न सासरे उचलायची ताकद होती, आणि तिला एकाला घाट चढवता आला नाही?

"अरे, कान कापशील!" सफरदादा ओरडले.

आठवडाभर जो येई तो आपलं मत टाकून जाई. पाववाला म्हणाला, टर्बोने पेट्रोल वाचतं. चप्पलवाला म्हणाला, दुप्पट जळतं. हमदमने दोघांनाही "खरं आहे" म्हटलं. शेवटी महलियोच वैतागली. "बसवा बाई एकदाचा! नाहीतर गाडी विकून घोडा घ्या."

बोतिर नावाच्या मेकॅनिकने टर्बो बसवला, हवेचा दाब मात्र सफरदादांच्या धाकाने कमीच ठेवला. मग सगळी वरात फरगण्याला गेली. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये चाकं रोलरांवर फिरवून ताकद मोजायचं यंत्र होतं. गाडी बांधली, इंजिन किंचाळलं, पडद्यावर आकडा आला. अठ्ठावन्न.

"बघा!" सफरदादांनी मिशीवर हात फिरवला. "पासष्टच्या आत."

"थांबा," तोल्किन म्हणाला. "हा चाकांवरचा आकडा. गिअरमध्ये, चाकांत जे गळतं ते धरा की. इंजिनावर अडुसष्ट भरतात. उतरवा मिशी."

"पडद्यावर जे दिसतं ते मोजलेलं. बाकी सगळा तुझा अंदाज."

"आणि मूळचे एक्कावन्न कुठले? ते तर इंजिनावरचेच!"

यंत्रावरचा माणूस कंटाळून म्हणाला, "भांडता कशाला? टर्बोच्या आधी मोजले तेव्हा किती होते, ते सांगा."

आधी मोजायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तोल्किनने लगेच पलटी मारली. जुनं इंजिन, आधी पस्तीससुद्धा नसतील, म्हणजे वाढ केवढी बघा! सफरदादांच्या मते आधी चाकांवर चव्वेचाळीस तरी होते. हमदमने बोटं मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली.

एवढ्यात बोतिर हात पुसत म्हणाला, "हमदमभाऊ, सांगायचं राहिलं. क्लचप्लेट पार झिजली होती, घसरत होती. तीही बदललीय."

हमदमने विचारलं, "म्हणजे घाटात गाडी अडली ती घोडे कमी होते म्हणून, की क्लच घसरत होता म्हणून?"

"आता कसं सांगणार? दोन्ही एकदमच बदललं ना."

मिशी काही उतरली नाही.

शरद ऋतूत भाचीला भेटायला तीच मंडळी पुन्हा निघाली. घाट सुरू झाला. हमदमने पाय दाबला आणि क्षणभर काहीच झालं नाही. मग बारीक शिट्टीसारखा आवाज झाला आणि कुणीतरी पाठीला हात लावून ढकलावं तशी गाडी पुढे सरकली. पुढे सिमेंटने भरलेला ट्रक होता. हमदम त्याच्या बाजूने निघाला, पुढे गेला, आणि आनंदाने ओरडला, "बाबा, बघितलंत?"

यूल्दोशबाबा मागे घोरत होते.

"कळलं का मग, किती घोडे वाढले?" महलियोने विचारलं.

"नाही."

"ते टर्बोने वाढले की क्लचने?"

"तेही नाही कळलं."

"मग हसताय कशाला?"

"मला काय माहीत!" हमदम म्हणाला. इतक्यात इंजिन तापल्याचा काटा वर सरकताना दिसला. त्याने पाय उचलला आणि पुढच्या ट्रकच्या मागे, निमूटपणे, घाटमाथ्यावरच्या बोगद्याकडे चढू लागला. महलियोने नानचा तुकडा मोडून त्याच्या हातात दिला.