पाच नंबरची बाटली

"अंगठा दे, भीमाबाई. पाच नंबरात दारूची बाटली सापडली, एवढंच लिहिलंय."

रेक्टर दत्तोपंतांनी शाईचा पॅड पुढं सरकवला.

"सापडली, साहेब. पन बाकीच्या खोल्यांतल्या?"

"विचारलं तेवढं बोल."

अकरा वर्षं ती या होस्टेलच्या खोल्या झाडत होती. दर रविवारी पोरांच्या रिकाम्या बाटल्या पोत्यात भरायच्या, सोमवारी कबाडी न्यायचा. हे दत्तोपंतांनीच लावून दिलेलं. परीक्षा जवळ आली की पोतं जड व्हायचं. आता प्राचार्यांकडं तक्रार गेली, एक नाव द्यायचं होतं. बाप मोठा असला की बाटली कुणाला दिसत नाही. दिसली ती पाच नंबरच्या लहानूची. पारशिवनीकडचा, स्कॉलरशिपवरचा पोरगा. नाव गेलं की कॉलेज संपलं.

"विचार करून येतो," म्हणून ती वर गेली. लहानू खाटेवर बसला होता.

"काहून पेला गा?"

"मावशी, इंग्रजीतलं डोक्यात जात नाही. दोनदा नापास झालो. घरी कोन्या तोंडानं सांगू? पोरं म्हने, घे, झोप येते."

"आली?"

"नाही."

"छप्पन साली दीक्षा घेतानी दारू सोडाची शपथ घेतली आपल्या लोकायनं. माह्या नवऱ्यानं बी घेतली, अन् मोडून मेला. तुले मरू देत नाही मी. पन एकट्याले फासावर बी चढू देत नाही."

ती खाली जाऊन पोतं घेऊन आली. कुणाची कोणती, तिला पाठ होतं. लकडगंजच्या लाकूडवाल्याच्या पोराची चपटी रम, धंतोलीच्या डॉक्टरच्या पोराची व्हिस्की. ज्याची त्याच्या दारापुढं ठेवत गेली. पाच नंबरपुढंही लहानूची ठेवली.

दत्तोपंत धापा टाकत जिना चढून आले.

"काय चालवलंयस? नोकरी जाईल."

"जाऊ द्या. अंगठा माहा हाये."

पाच नंबरचं दार उघडलं. लहानूनं बाटली उचलली आणि ती हातात धरून तो सगळ्यांसमोर उभा राहिला. आत गेला नाही.

बाकीच्या दारांच्या कड्या आतून एकेक करून लागल्या.

भीमाबाईनं झाडू घेतला. रोजच्यासारखी टोकापासून सुरुवात केली. एकही बाटली न हलवता, प्रत्येकीच्या भोवतीनं झाडत ती पुढं गेली.