हरवणारा खेळ

"आई, पुन्हा जिंकलात," जावई म्हणाला आणि त्याने टाळ्या वाजवल्या.

टीव्हीवरच्या टेनिसच्या मैदानात तिची बाहुली रॅकेट उंचावून नाचत होती. ती स्वतः सोफ्यावर बसली होती, कोपर उशीवर टेकलेलं, हातात कांडीसारखा कंट्रोलर. तिने कंट्रोलरकडे संशयाने पाहिलं. मग हात मांडीवरून न उचलता नुसतं मनगट झटकलं. बाहुलीने डोक्यावरून असा फटका हाणला की समोरचा खेळाडू बघतच राहिला.

"बाहुलीचा खांदा बरा झाला," ती म्हणाली. "माझा कुठे झालाय?"

इस्पितळाच्या धोबीखान्यात ओल्या चादरी तारेवर टाकायचं तिचं काम. तिथल्याच ओल्या फरशीवर पाय घसरून खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण हात कानाच्या वर जाईना. मुकादमाचा निरोप आला होता की पुढच्या महिन्यात कामावर या. हात तारेपर्यंत गेला तर ठीक, नाहीतर घड्या घालायच्या टेबलाशी बसा. बसून काम, सावलीत. ऐकायला बरं वाटे. पण त्या टेबलाशी बसवलेल्या बायका एकेक करून काम सुटून घरीच बसल्या, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

व्यायाम करताना ती भिंतीकडे बघून जांभया देते, म्हणून जावयाने खेळाची युक्ती काढली. कांडीवाला गेम त्याचाच होता. त्याच्या बहिणीकडे दुसऱ्या तऱ्हेचा होता. तोही त्याने मागून आणला. बहीण म्हणाली, दोन्ही खेळून बघा, आवडेल तो ठेवा, उरेल तो मला द्या. तिच्या गेममध्ये हातात काही धरायचंच नव्हतं. टीव्हीखालचा कॅमेरा अख्खं माणूस बघायचा आणि माणूस करेल तेवढंच बाहुली करायची.

जावयाचं मत ठरलेलं होतं. कॅमेऱ्यासाठी टेबल हलवा, सगळे दिवे लावा, एवढं करूनही तो हालचाल उशिरानेच ओळखणार. एकदा तर कॅमेऱ्याने खुर्चीवर टाकलेल्या कोटालाच खेळाडू समजून खेळात घेतलं. तिची मुलगी हसून म्हणाली होती की कोट बरा खेळतोय. कांडीचं तसं नाही, हलवली की लगेच काम.

मग ती स्वतः कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. चेंडू आला. बाहुलीचा हात कानाशी येऊन अडला आणि चेंडू डोक्यावरून गेला. पुढचाही गेला. खेळ संपला तेव्हा तिच्या नावावर एकही गुण नव्हता आणि ब्लाऊज घामाने पाठीला चिकटला होता.

"हाच ठेवू या," ती म्हणाली.

मुलीने रिमोट आपटला. आधीच दुखणं, त्यात रोज हरायचं, शेजारीपाजारी बघणार, असं बरंच काही ती बोलली. शेवटी आवाज खाली आला. "आई, कशाला गं फजिती करून घेतेस?"

"फजिती घरात झालेली बरी. तिथे तार मनगट झटकून हाताला लागत नाही."

जावयाने काही क्षण दोघींकडे पाहिलं. मग लेकराला वसतिगृहात सोडायला निघाल्यासारखं तोंड करून त्याने आपली कांडी खोक्यात भरली. त्याने टेबल भिंतीला लावून ठेवलं, ते पुन्हा जागेवर आणलंच नाही.

ती रोज हरली. हरताना दात-ओठ खायची, पडद्यावरच्या खेळाडूला मुडद्या म्हणायची, आणि खेळ संपला की पुन्हा सुरू करायची. कधीमधी एखादा चेंडू रॅकेटला लागायचा. तेव्हा ती हसायची नाही, पुढच्या चेंडूकडे बघायची.

कामावर गेली त्या सकाळी मुकादम अंगणातच उभा होता. त्याने टेबलाजवळ एक खुर्ची आधीच मांडून ठेवली होती. वर जुना टॉवेलही घडी करून घातला होता, मऊ लागावं म्हणून.

"बाई, हट्ट करू नका," तो म्हणाला. "बसा निवांत."

तिने टोपलीतून चादर उचलली. हात कानाच्या वर गेला, आणखी थोडा गेला आणि थांबला. तार अजून वीतभर वर होती. दोन बायका मदतीला पुढे आल्या. तिने मान हलवली. ती चवड्यांवर उभी राहिली, खांद्यातून कळ आली, डोळ्यांत पाणी आलं, आणि चादरीचं टोक तारेवर पडलं. उरलेली ओली चादर तिच्या तोंडावरून, गळ्यावरून लोंबत राहिली.

मुकादमाने खुर्चीवरचा टॉवेल उचलला. मग तो खांद्यावर टाकून त्या खुर्चीवर स्वतःच बसला.

तिने चादर ओढून सारखी केली आणि पदराने तोंड पुसलं. टोपली अजून भरलेली होती. ती दुसऱ्या चादरीसाठी वाकली.