सुलोचनाबाईंच्या थाळीची कैफियत

मी एक जुनी स्टीलची थाळी आहे. बूड जाड, काठ उंच आणि एका बाजूला खोल पोचा. त्या पोच्याविषयी बोलायला मला आजही जड जाते. पण मित्रांनो, ज्या बाईचे नाव माझ्या काठावर टोचलेले आहे, तिच्यावर काय गुदरले ते मी नाही सांगितले तर कोण सांगणार?

पत्र्याच्या गोल तुकड्यावर यंत्राचा दाब पडला आणि मी जन्मले. वर्ध्याच्या भांड्यांच्या दुकानात माझ्या काठावर बारीक अक्षरांत नाव कोरले गेले: 'सौ. सुलोचना हिरालाल'. नवी नवरी मला घेऊन बोरगाव मेघेच्या घरात आली, तेव्हा ती शेवग्याच्या शेंगेसारखी सडपातळ होती. हिरालाल म्हणजे तिचा नवरा. वर्ध्याच्या बाजारात त्याचे किराण्याचे दुकान होते. घरात सासू-सासरे, दोन दीर, शिवाय दुकानातली माणसे दुपारी जेवायला येत.

सुलोचनाबाईंच्या हाताला चव होती. तिच्या पातळ भाजीचे, तिच्या मुगवड्यांचे सगळे कौतुक करीत. मी घासूनपुसून लख्ख असे आणि माझेही कौतुक होई. पण माझ्यात जेवण पडायचे ते सगळ्यात शेवटी. सर्वांची जेवणे आटोपली की ती गॅसच्या ओट्याखाली मला घेऊन बसे. पातेल्यात उरलेला भात, कोणी अर्धी टाकलेली पोळी, कढईच्या तळाशी राहिलेली तेलकट भाजी, सारे माझ्यात येई. अन्न टाकणे तिला जमत नसे. तेवढ्यात कोणी हाक मारी, कोणी पाणी मागे. चार घासांत आटोपून ती उठे. पोट भरले की नाही, हे कळायला तिला कधी सवडच मिळाली नाही.

वर्षे गेली. सासू-सासरे गेले, दीर वेगळे झाले. मुलगी रक्षा मोठी होऊन कॉलेजात जाऊ लागली. आणि सुलोचनाबाईंचे वजन अठ्ठ्याण्णव किलोवर गेले. गुडघे दुखत. रक्तात साखर निघाली. एकोणीसशे शहाण्णवच्या पावसाळ्यानंतर तिच्या बेंबीजवळ लिंबाएवढी गाठ आली. डॉक्टरांनी तपासून सांगितले, हा हर्निया आहे, ऑपरेशन करावे लागेल. पण इतक्या वजनावर आणि इतक्या साखरेवर ते धोक्याचे आहे. आधी वजन उतरवा. आणि गाठ कधी कडक झाली, उलट्या सुरू झाल्या, तर एक मिनिटही थांबू नका, आतडे अडकले तर जीव जातो.

त्या दिवसापासून तिच्या मनात भीती घर करून बसली. ती सारखी गाठ चाचपून पाही. आणि भीतीपोटी तिने एकच मार्ग धरला. तिने जेवण सोडले.

मला फळीवर उपडे घातले गेले. सकाळी लिंबूपाणी, दुपारी बशीत दोन बिस्किटे, संध्याकाळी कपभर चहा. पाच दिवस ती अशी काढी. सहाव्या दिवशी दुपारी घरात कोणी नसताना तिचा हात माझ्याकडे येई. दार लोटून, उभ्यानेच, शिळ्या पुऱ्या, शेव, लोणचे, हाताला लागेल ते ती माझ्यात ओढी आणि भराभर गिळी. खाताना तिच्या डोळ्यांतून धार लागलेली असे. मग मला स्वतःच घासून, पुसून, जागेवर उपडे घालून ती पुन्हा उपास धरी.

हिरालाल वाईट माणूस नव्हता, पण त्याला यातले काही ठाऊक नव्हते. तो म्हणे, "तू काईच खात नाई म्हनते, मंग वजन काऊन वाढून राह्यलं? हवा खाऊन कोनी जाड होते का?"

कोणीतरी सांगितले म्हणून तिने बसस्टँडजवळच्या एका माणसाकडून वजन उतरवायची पूड आणली. आठ दिवस तिला जुलाब झाले. अंगातले त्राण गेले, वजन मात्र महिन्याभरात पुन्हा होते तेवढेच झाले.

त्याच सुमारास नात्यात एक लग्न होते. पंगतीत ती बसायला गेली तेव्हा कोणी मोठ्याने म्हणाले, "सुलोचनाबाईले दोन पाट द्या रे!" सगळी पंगत हसली. हिरालालही हसला. ती न जेवता घरी आली. हे सारे तिने रडत रडत रक्षाला सांगितले, तेव्हा मी ऐकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्यात लग्नातले लाडू घेऊन खात होती आणि रक्षा कॉलेजातून लवकर परतली. सुलोचनाबाईंनी घाईने माझ्यावर पदर टाकला.

"मी नाई खात होती व," ती म्हणाली. "डब्यात भरून राह्यली होती."

रक्षा आईच्या तोंडाला लागलेला चुरा पाहत राहिली. सुलोचनाबाईंना ते सहन झाले नाही. तिने मला उचलले आणि सगळ्या ताकदीने फरशीवर आपटले.

"हे थाळी माह्यासमोर ठेवूच नको! हिनंच मले खाल्लं!"

माझ्या काठाला पोचा पडला तो त्या दिवशी. मित्रांनो, मला तिचा राग आला नाही. ती मला मारत नव्हती, स्वतःलाच मारत होती.

मला मागच्या अंगणात नळाशी टाकले गेले. भाजीची देठे, दुधीची साले माझ्यात जमत आणि शेजारची गाय ती खाऊन जाई. माझ्या काठावरचे नाव चिखलाने बुजले. चैत्र आला. ऊन असे तापले की माझ्यावर हात ठेववत नसे. सुलोचनाबाईंच्या उपासाचा चौथा दिवस होता. ती नळावर बादली भरायला आली, वाकली, आणि पुन्हा सरळ होऊ शकली नाही. ती माझ्यावरच कोसळली.

आंजी मोठी या गावच्या कुसुमबाई त्याच वेळी भाजीची टोपली घेऊन मागच्या दाराने आत येत होत्या. त्यांच्या घरी भाजीपाल्याची शेती होती आणि आठवड्यातून दोनदा त्या बोरगावात भाजी विकत. त्यांनी टोपली टाकून दिली.

"अवं रक्षा, धाव लवकर! तुही माय पडली!"

दोघींनी तोंडावर पाणी मारले, साखरपाणी पाजले. सुलोचनाबाईंनी डोळे उघडले तेव्हा कुसुमबाईंच्या मांडीवर तिचे डोके होते.

"बाई, काय खाल्लं सकाळपासून?" कुसुमबाईंनी विचारले.

"चार दिवस झाले, काईच नाई."

"काऊन अशी जीव देऊन राह्यली?"

"मंग काय करू, कुसुमबाई? खाल्लं तरी मरतो, नाई खाल्लं तरी मरतो. मले सांगा न, मी करू तरी काय?"

कुसुमबाईंनी त्याच दिवशी रक्षाला बरोबर घेऊन सुलोचनाबाईंना सेवाग्रामच्या दवाखान्यात नेले. तिथे आहाराचे पाहणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि सांगितले, "पुढच्या वेळी येताना तुम्ही ज्यात जेवता ते ताट घेऊन या."

रक्षाने मला चिखलातून काढले, राखेने घासले, वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातले. आयुष्यात पहिल्यांदाच मी दवाखान्याच्या टेबलावर बसले.

मॅडमनी खडूने माझ्यावर रेघ ओढली. अर्धा भाग एकीकडे. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन वाटे.

"हा अर्धा भाग भाजीचा आणि कोशिंबिरीचा. कमी तेलातली भाजी. हा पाव भाग वरण, उसळ, मोड आलेले मूग. आणि या पाव भागात भाकर. आधी वाटीभर पातळ वरण प्यायचे, मग काकडी-मुळा चावून खायचा, मग भाकर. हळूहळू. बसून."

"अन् भूक राह्यली तर?" सुलोचनाबाईंनी घाबरत विचारले.

"तर भाजी आणखी घ्या. पण उपाशी उठायचे नाही."

"पोट भरून खाऊ? मी?"

"हो, तुम्ही. उपाशी उठलात की दुपारी चोरून खाल. पोट मागते, बाई. तो काही गुन्हा नाही."

मॅडमना हे कसे कळले, असे सुलोचनाबाईंच्या चेहऱ्यावर उमटले. मग तिने पदरात तोंड लपवले आणि खांदे गदगदू लागले. मॅडमनी डॉक्टरांकडून तिच्या साखरेच्या गोळ्याही बदलून घेतल्या आणि विचारल्याशिवाय एकही उपास नको, अशी ताकीद दिली.

कुसुमबाई आता टोपलीत तिच्यासाठी वेगळा वाटा आणू लागल्या. बरबटीच्या म्हणजे चवळीच्या शेंगा, दोडके, पालक, अंबाडी, कोवळा दुधी. मी पुन्हा भरू लागले, पण हिरव्या रंगाने. हिरालाल पाहून हसला.

"पोट भरून खाल्ल्यानं वजन कमी होते म्हने! हे नवीनच आयकून राह्यलो."

खरे सांगायचे तर मलाही विश्वास नव्हता. तिसऱ्या आठवड्यात दवाखान्याच्या काट्यावर ती उभी राहिली आणि वजन अर्धा किलो वाढलेले निघाले. बाहेर कडुनिंबाखाली ती मटकन बसली.

"मले नाई होत आता, रक्षा. मरू दे मले. तुह्या बापाले सांग, दुसरी करा म्हना."

रक्षा अठरा वर्षांची पोर. ती काय समजूत घालणार? तिने पिशवीतून मला काढले, डबा उघडला, भाकर आणि बरबटीची भाजी माझ्यात वाढली.

"मले भूक लागली, आई. मी एकटी नाई खात."

त्या दोघी माझ्यातूनच जेवल्या. येणारे-जाणारे पाहत होते. रक्षा जेवताना रडत होती, म्हणून आई जेवली. तो घास सुलोचनाबाईंनी स्वतःसाठी खाल्ला नाही, हे मला कळले. पण खाल्ला.

त्यानंतर वजन उतरू लागले. इतके हळू की कोणाच्या नजरेत भरत नव्हते. एखाद्या महिन्यात दोन किलो, एखाद्या महिन्यात काहीच नाही. दिवाळीत चार दिवस तिचा तोल गेला, करंज्या खाल्ल्या. पाचव्या दिवशी तिने उपास न धरता मला भाजीने भरले. मला ती दिवाळी सर्वांत मोठी वाटली. दुपारचे दार लोटून खाणे कधी थांबले ते तिलाही आठवत नसे. साखर ताब्यात आली. काटा सत्त्याऐंशीवर आला. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन किलो, मग तारीख देतो.

तारखेपर्यंत गाठ थांबली नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी सुलोचनाबाई कळवळून ओरडली. गाठ दगडासारखी झाली होती. उलटी, पुन्हा उलटी. हिरालाल दुकानातून धावत आला, आणि ऑटोत घालून तिला नेताना तो अनवाणीच होता. मी ओट्यावर तशीच राहिले. माझ्यात अर्धी चिरलेली मेथी होती.

दोन दिवस घरात कोणी आले नाही. मेथी काळी पडली. मित्रांनो, वस्तूला वाट पाहता येते, दुसरे काही करता येत नाही.

तिसऱ्या दिवशी हिरालाल आला. तो माझ्यासमोर खाली बसला. कुसुमबाई विचारपूस करायला आल्या तरी उठला नाही.

"जिवंत हाय," तो म्हणाला. "आतड्याचा तुकडा काढला. डॉक्टर म्हनत होते, मागच्या वर्षीची साखर अन् मागच्या वर्षीचं वजन असतं, त टेबलावरच गेली असती. थे उपाशी राहून मरून राह्यली होती, अन् मी हसून राह्यलो होतो, कुसुमबाई."

त्याने तोंडावर हात धरला. कुसुमबाईंनी माझ्यातली मेथी फेकली आणि मला धुऊन त्याच्यापुढे ठेवले.

"रडून काय होते, दादा? घ्या, दोडका सोला. आजपासून घरचा सैपाक तुमाले कराचा हाय."

महिनाभराने सुलोचनाबाई घरी आली. हिरालालने जाडीभरडी भाकर थापली, वरणात मीठ जास्त झाले. रक्षाने माझ्यात वाढले. त्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी जेवली. हिरालाल समोर बसून होता आणि मध्येच उठायला लागली की म्हणे, "बस तू. पानी मी आनतो."

ती बारीक झाली नाही. मी खोटे सांगणार नाही. पुढच्या दहा वर्षांत तिचे वजन ऐंशीच्या आसपास राहिले, कधी दोन किलो वर, कधी खाली. लोक तिला जाडच म्हणत. पण ती जिना चढे, सेवाग्रामला एकटी बसने जाई, रक्षाचे बाळंतपण तिने स्वतः केले. तिच्या मनातली भीती पूर्ण गेली नाही. कधी कधी जेवताना तिचा हात थांबे आणि ती पोटावरचा व्रण चाचपे. मग पुन्हा जेवू लागे.

मित्रांनो, आता मी झिजले आहे. घासून घासून माझ्यावरचे नाव पुसट झाले आहे. तुमच्या घरातही कोणी जाड असेल, कोणी उपास करून करून थकले असेल, कोणी दार लोटून चोरून खात असेल. त्याला हसू नका. त्याला उपाशीही ठेवू नका. ताज्या भाज्या चिरा, वरण शिजवा, त्याच्या शेजारी बसा आणि त्याला पोटभर जेवू द्या. मी नुसती थाळी आहे, मला कोणाला वाढता येत नाही. तुम्हाला हात आहेत.