तांब्याची बॅटरी

आठ दिवसांत शिवकन्येनं ती बॅटरी ज्याला दाखवली नाही, असं माणूस लिंबागणेशात उरलं नव्हतं. अंगठ्याएवढी, तांब्याची, पदराच्या गाठीत मावणारी. तिच्या रुद्रेशनं बीडच्या कारखान्यात लेथवर स्वतः घडवलेली.

"बघा अक्का," तिनं थोरल्या जावेसमोर, गंगासागरबाईंसमोर, बटण पटकन दोनदा दाबलं. ओसरी उजळली. "आन् हे तिसऱ्यांदा." उजेड थेट लिंबाच्या शेंड्याला भिडला.

"आन् एकदाच दाबलं तर?"

"ती बारीक बत्ती हाय. काय कामाची न्हाई." बॅटरी पुन्हा पदरात गेली.

गंगासागरबाईंना ते झोंबलं. रुद्रेश शिवकन्येच्या पोटचा, कबूल. पण ती दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेली आणि इकडे पोराला गोवर आला, तेव्हा त्याला मांडीवर घेऊन कोण बसलं होतं? त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. 'मोठी आई' म्हणत तो त्यांचा पदर सोडत नसे. आता हाताला कसब आलं, तर बॅटरी फक्त आईला! वस्तूचं काही नव्हतं. पोरगा आपल्याला विसरला की काय, हेच त्यांना खात होतं.

रुद्रेश माल आणायला पुण्याला गेल्याचं कळलं, तशी त्यांनी बीडची एसटी धरली. कारखान्यात त्याचा भागीदार मुनव्वर होता. त्यानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"तलवाड्याची हाय मी," त्यांनी ठोकून दिलं. "बॅटरी पाहिजे. लिंबागणेशच्या शिवकन्याबाईला दिली, तिच्यापेक्षा भारी."

मुनव्वर हसला. "बसा काकू. धातू कोणता? तांबं हाय, पितळ हाय, स्टील हाय. पितळेला आरशासारखी चकाकी देऊ, का वाळू मारून खडबडीत करू? खडबडीत हातातून निसटत न्हाई."

"निसटू दे. लांबून चमकली पाहिजे."

"आन् उजेड किती तऱ्हेचा?"

"तिच्याला किती हाय?"

"तीन."

"मग मला चार. आन् ती पहिली बारीक बत्ती काढून टाक. काय कामाची न्हाई म्हणं."

मुनव्वरनं हातातली कानस खाली ठेवली. "ते सोडून बोला, काकू. ती काढली तर रुद्रेश माझ्याशी बोलणार न्हाई. पहिल्यांदा बटण दाबलं की तीच लागली पाहिजे, हा त्याचा कायदा हाय. त्या बत्तीचं नावच आमी 'मोठी आई' ठेवलंय."

"कावून?"

"ल्हानपणी त्याला गोवर आलता. उजेड डोळ्याला टोचायचा. त्याची मोठी आई वात बारीक करून कंदील कणगीच्या आड ठेवायची. डोळं उघडलं की तिचं तोंड दिसायचं, पण उजेड टोचायचा न्हाई. तेवढाच उजेड पाहिजे म्हणून त्यानं किती सर्किटं मोडली! आईला बॅटरी देतानाबी हे सगळं सांगून आला."

 गंगासागरबाई पिशवी उचलून उठल्या.

"आन् तुमची बॅटरी?"

"राहू दे बाबा. माझी झालेलीच हाय."

संध्याकाळी गावातली लाईट गेली. शिवकन्या विरजण मागायला आली होती, तिच्या पदराला ती तांब्याची गाठ होतीच.

"शिवकन्या," गंगासागरबाई गोड आवाजात म्हणाल्या, "ती बारीक बत्ती दाव की गं."

शिवकन्येचा हात गाठीवर घट्ट झाला. "सेल उतरलाय, अक्का."

"आत्ताच?"

"आत्ताच."

बोलून बसली होती, त्यामुळे जाताना तिला बॅटरी लावता येईना. ती तशीच काळोखात चाचपडत निघाली आणि उंबऱ्याला पाय आपटून "आई गं!" म्हणाली.

"सांभाळून गं," आतून गंगासागरबाई म्हणाल्या. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांना भाकरी गोड लागली.